पब्लिक हेल्थमध्ये पीएच.डी. करायची आहे? आधी प्रश्न घेऊन या

महिन्यातून एकदा तरी मेसेज येतोच. ‘ताई, पब्लिक हेल्थमध्ये पीएच.डी. करायची आहे, अर्ज कुठे करू?’ मी उलट विचारते, ‘कशावर करायची आहे?’ मग उत्तर येतं: ‘मानसिक आरोग्य’, ‘माता-बाल आरोग्य’, ‘एनसीडी’ (म्हणजे असंसर्गजन्य आजार). एवढ्या ऐसपैस शब्दावर कुणी पीएच.डी. देत नाही. ती मिळते एका वाक्यात मावणाऱ्या प्रश्नावर, आणि त्या प्रश्नाला लागणारा डेटा तुमच्या हाताला खरोखर लागणार असेल तरच. हे समजायला मला दीड वर्ष लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची नर्स. नऊ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली निम्मी तरी नाइट ड्यूटीत गेली. पक्षाघाताचे पेशंट यायचे. हिस्ट्री घेताना नातेवाईक हमखास सांगायचे, ‘बीपीची गोळी चालूच होती हो.’ पुरावा म्हणून पिशवीही पुढे करायचे. पिशवीत चार महिन्यांपूर्वीची चिठ्ठी असायची आणि स्ट्रिपमधल्या गोळ्या जवळजवळ तशाच. खोटं कुणीच बोलत नव्हतं, तरी काहीतरी जुळत नव्हतं. ते डोक्यातून जाईना, म्हणून आधी एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थमधली मास्टर्स, केलं आणि ३६व्या वर्षी पीएच.डी.ला प्रवेश घेतला. सुटले ४१व्या वर्षी.

डॉक्टर असायलाच हवं का, असंही बरेच जण विचारतात. नाही. माझ्या बॅचमध्ये एक डेंटिस्ट होती, एक संख्याशास्त्राचा, एक समाजशास्त्राची आणि एक चक्क सिव्हिल इंजिनिअर. तो पाणीपुरवठा आणि अतिसारावर काम करायचा आणि आम्हा सगळ्यांपेक्षा लवकर सुटला. त्याला पाइपमधलं कळायचं, आम्हाला नाही.

पीएच.डी. की डीआरपीएच?

हा घोळ आधीच मिटवा. पीएच.डी.मध्ये नवं ज्ञान तयार करायचं असतं, म्हणून संशोधनपद्धती आणि विश्लेषण यांत खोल उतरावं लागतं. डीआरपीएच, म्हणजे डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ, मुख्यतः आरोग्यसेवेत आधीपासून काम करणाऱ्यांसाठी आहे. कार्यक्रम चालवणं, धोरण राबवणं, माणसं आणि पैसा सांभाळणं यावर तिथे भर असतो, आणि प्रबंधही बहुधा प्रत्यक्ष कामातल्याच एखाद्या अडचणीवर असतो. जॉन्स हॉपकिन्स किंवा लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन यांसारख्या ठिकाणी दोन्ही पदव्या आहेत, त्यामुळे नुसतं संस्थेचं नाव बघून काही ठरत नाही. माझी कसोटी सोपी आहे. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला डेटासमोर बसलेलं बघता की मीटिंगमध्ये? मीटिंग दिसत असेल तर डीआरपीएचचा विचार करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

देशागणिक साचाही बदलतो. अमेरिकेत आधी एक-दोन वर्षं वर्ग, मग क्वालिफाइंग परीक्षा, मग प्रपोजल, म्हणजे संशोधनाचा आराखडा. एकूण चार ते सहा वर्षं धरून चाला. ब्रिटनमध्ये पहिल्या दिवसापासून संशोधन आणि साधारण वर्षभरानं ‘अपग्रेड’ची परीक्षा, तीन-चार वर्षांत संपवायची अपेक्षा असते. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे इथं पीएच.डी.च्या बऱ्याच जागा नोकरीसारख्या जाहिरात देऊन भरतात. पगार मिळतो, पण प्रश्न बऱ्याचदा प्रकल्पानं आधीच ठरवलेला असतो. तुमचा प्रश्न अजून कच्चा असेल आणि बायोस्टॅटिस्टिक्सशी (आरोग्याच्या आकडेशास्त्राशी) फारशी ओळख नसेल, तर वर्ग असलेला अभ्यासक्रम घ्या. मी तोच घेतला. रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजायची पद्धत) म्हणजे काय हे मला ३६व्या वर्षी पहिल्यांदा नीट कळलं.

प्रश्न बारीक करणं

या क्षेत्रात शिरणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात जॉन स्नो या डॉक्टरची गोष्ट सांगतात: १८५४, लंडन, कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप, काढून टाकलेला दांडा. गोष्ट छान आहे, पण पीएच.डी. करणाऱ्यानं त्याच साली त्यानं केलेलं दुसरं काम वाचावं. दक्षिण लंडनच्या एका भागात दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत शेजारी-शेजारी होते. लॅम्बेथ कंपनीनं १८५२ साली पाणी उचलायची जागा थेम्सच्या वरच्या अंगाला, सांडपाण्यापासून दूर नेली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहरातलंच घाण पाणी देत राहिली. स्नोचा प्रश्न एका वाक्याचा होता: या दोन प्रकारच्या घरांत कॉलऱ्याचे मृत्यू वेगवेगळे आहेत का? उत्तर आलं ते असं: साउथवर्कच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या दर १०,००० घरांमागे ३७.

आता त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तो दारोदार फिरून ‘पाणी कुठल्या कंपनीचं?’ असं विचारत होता आणि अनेकांना ते माहीतच नव्हतं, कारण पाणीपट्टी घरमालक भरायचा. मग तो बाटलीत पाणी घ्यायचा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचा. साउथवर्कच्या पाण्यात मीठ सुमारे चाळीसपट जास्त असल्यामुळे ते लगेच पांढरं गढूळ व्हायचं. लोकांना सांगता येत नव्हतं, म्हणून त्यानं मोजायची दुसरी वाट काढली. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्या बाबतीत हेच झालं.

माझा पहिला प्रश्न होता, ‘लोक बीपीच्या गोळ्या का सोडतात?’ गाइडनं कागद परत दिला, समासात एकच शब्द लिहून: ‘कोण?’ मी दुरुस्त करून नेला. पुन्हा परत, या वेळी ‘कशाच्या तुलनेत?’ असे सहा फेरे झाले. शेवटी ठरलं ते असं: नव्यानं बीपीचं निदान होऊन गोळी सुरू झालेल्या ४० ते ६४ वयाच्या लोकांत, एका वेळी एक महिन्याच्या गोळ्या मिळणारे आणि तीन महिन्यांच्या मिळणारे, यांच्यात पहिल्या वर्षात गोळी सुटण्याचं प्रमाण वेगळं आहे का? वाक्य रूक्ष झालं, मला रडू यायचं बाकी होतं. पण त्यात माणसं कोण, तुलना कशाशी, मोजायचं काय आणि किती काळात, हे चारही बसलं होतं. तुमचं वाक्य या चार जागी दाबून बघा. जिथं पोकळ लागेल तिथं काम बाकी आहे.

वाक्य झालं की वाचन. पबमेडवर (वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची) शोधताना कुठले शब्द टाकले, कुठल्या तारखेला, किती निबंध आले, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. पुढे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या निबंधांचा पद्धतशीर आढावा, करायचा ठरला तर हे सगळं लागतंच, आणि तसा रिव्ह्यू सुरू करण्यापूर्वी प्रोटोकॉल ‘प्रॉस्पेरो’ या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवायचा असतो. संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. मी पहिलं वर्ष वर्डमध्ये हातानं संदर्भ लिहिले. तो गाढवपणा होता.

डेटा तुमच्या हातात आहे का?

प्रवेश मिळण्याआधी हे तपासायला हवं, आणि बहुतेक जण ते दुसऱ्या वर्षी तपासतात.

माझंच बघा. एका मोठ्या संस्थेतल्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, ‘या तुम्ही, फार्मसीचं सगळं रेकॉर्ड देतो.’ मी त्या भरवशावर प्रपोजल लिहिलं. मंजुरी मिळेपर्यंत साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना माझं नावही माहीत नव्हतं. सात महिने मी बाकावर बसून चहाचे कप मोजले. शेवटी दुसरीकडून डेटा मिळाला आणि त्यासाठी प्रश्नाचा वयोगट बदलावा लागला (४० ते ६४ हा आकडा तिथून आला, त्यामागं कुठलाही थोर विचार नाही). तेव्हा परवानगी पत्रावर घ्या. पत्रात कुठली कॉलम्स मिळणार, कुठल्या तारखांची, नावं काढून कोण देणार, आणि निबंध छापताना संस्थेची पुन्हा संमती लागेल का, हे लिहिलेलं असू द्या. पत्र व्यक्तीच्या नावानं नको, पदाच्या नावानं हवं.

दुसरी वाट म्हणजे आधीच झालेल्या सर्वेक्षणांचा डेटा. डीएचएस, म्हणजे डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज, १९८४ पासून अनेक देशांत होत आले आणि नुसती नोंदणी करून त्यांचा डेटा मिळायचा. कित्येकांची पीएच.डी. त्यावर झाली. पण २०२५च्या सुरुवातीला अमेरिकी मदत थांबली तसं ते काम अडलं आणि नवी परवानगी मागणारे विद्यार्थी लटकले. म्हणून डेटा दुसऱ्याचा असेल तेव्हा फाइल आणि कोडबुक (कुठल्या कॉलममध्ये काय आहे याची चावी) दोन्ही हातात आल्याशिवाय प्रपोजल सादर करू नका.

तिसरी वाट स्वतः डेटा गोळा करायची. मी अर्धा भाग तसा केला. इथं सॅम्पल साइजनं, म्हणजे किती माणसं लागतील त्या आकड्यानं, माणूस जमिनीवर येतो. समजा एखादी गोष्ट किती टक्के लोकांत आहे हे बघायचं आहे आणि काहीच अंदाज नाही. मग ५० टक्के धरतात. ९५ टक्के खात्री आणि इकडे-तिकडे ५ टक्क्यांची चूक चालेल म्हटलं तर उत्तर येतं ३८५. बऱ्याच प्रपोजल्समध्ये गणित इथंच थांबतं. पण तुम्ही माणसं वस्ती-वस्तीतून घेणार असाल तर एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणजे प्रत्येक नव्या माणसाकडून पूर्ण नवी माहिती मिळत नाही. प्रत्येक वस्तीतून २० माणसं आणि त्यांच्यातलं साम्य ०.०५ धरलं तर डिझाइन इफेक्ट (माणसं किती पट वाढवायची तो आकडा) येतो १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५. ३८५ चे झाले ७५१. दहातला एक जण नाही म्हणणार, म्हणून ०.९ नं भागा: ८३५. एक मुलाखत ४० मिनिटांची, शिवाय जाणं-येणं आणि बंद दारं. आता सांगा, एकट्यानं किती महिने लागतील? हे गणित अर्ज भरण्यापूर्वी कागदावर करा. प्रश्न आणखी बारीक करायचं बळ त्यातून येतं.

गाइड

नाव बघून जाऊ नका. त्यांच्या आजच्या विद्यार्थ्यांना भेटा, आणि गेल्या पाच वर्षांत अर्ध्यात सोडून गेलेला कुणी सापडला तर त्याला आधी भेटा. दोनच गोष्टी विचारा: पाठवलेला मजकूर किती दिवसांनी वाचून परत येतो, आणि निबंधावर पहिलं नाव कुणाचं लागतं? बाकी स्वभाव-बिभाव चालवून घेता येतो. माझे पहिले गाइड दुसऱ्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात गेले. त्यांचं चुकलं नाही, त्यांना चांगली जागा मिळाली. वाचले ते को-गाइडमुळे. त्या बायोस्टॅटिस्टिक्सच्या होत्या आणि त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. दोन गाइड घ्या, त्यातला एक आकडेवाला घ्या.

प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाका: आज काय ठरलं, पुढे कोण काय करणार. तिसऱ्या वर्षी ‘मी असं कधी म्हटलं?’ हा संवाद होतोच, तेव्हा तो मेल कामाला येतो.

एथिक्स कमिटी

माणसांवर संशोधन करण्याआधी या कमिटीची मंजुरी लागते. फॉर्म लांबलचक असतात, चिडचिड होते. पण ते आले कुठून हे बघा. अमेरिकेत टस्कीगी इथं सरकारी आरोग्यखात्यानंच १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं ‘पाहिलं’. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा रुळलेला उपचार झाला होता, तरीही. ते करणारे आपल्याच क्षेत्रातले लोक होते. माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा १९७९ चा बेल्मॉन्ट अहवाल त्यातून आला आणि आज आपण भरतो ते बरेचसे रकाने तिथून येतात.

व्यवहाराचं सांगायचं तर मंजुरीआधी एकही फॉर्म भरून घेऊ नका, पायलटचा, म्हणजे छोट्या चाचणीफेरीचासुद्धा नाही. मागाहून मंजुरी मिळत नाही. बैठक बऱ्याच ठिकाणी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा होते आणि पहिल्या फेरीत शंका निघतातच, तेव्हा वेळापत्रकात चार महिने ठेवा. संमतीपत्रक आपल्या घरातल्या कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा. माझ्या पत्रकात ‘सहभाग ऐच्छिक आहे’ असं होतं. आमच्या मावशींनी विचारलं, ‘म्हणजे यायचंच का?’ मी ते ‘नाही म्हटलंत तरी तुमचं औषध थांबणार नाही’ असं केलं.

पायलटनं काय शिकवलं

माझ्या प्रश्नावलीत तिसरा प्रश्न होता, ‘तुम्ही गोळ्या नियमित घेता का?’ पायलटमध्ये जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणाले. मी खूश होणार तेवढ्यात एका आजींनी डबा आणून समोर ठेवला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत तीन प्रकारच्या स्ट्रिप्स, रबर लावून. पांढऱ्या आणि पिवळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स संपत आलेल्या, लहान गुलाबी गोळीची स्ट्रिप भरलेली. ‘ही?’ ‘हिनं चक्कर येते, ही नाही घेत. बाकीच्या अगदी नियमित घेते.’ बीपीची गोळी तीच होती.

वॉर्डातल्या पिशवीचं कोडं त्या ओसरीवर सुटलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. ‘नियमित’ हा शब्द माझा होता, अर्थ त्यांचा होता. मग प्रश्न बदलला: ‘ही गोळी’, असं म्हणून स्ट्रिप हातात धरायची, ‘गेल्या ७ दिवसांत किती दिवस चुकली?’ शिवाय दुकानातून घेतल्याची तारीख आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या. स्नोची बाटली म्हणा हवं तर. तुम्हीही पायलटमध्ये उत्तरं मोजत बसू नका. प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, ‘तुम्हाला यातून काय समजलं?’ आणि ऐकून तसंच्या तसं लिहून घ्या.

तयार प्रश्नावली वापरणार असाल तर तिचा परवाना आधी वाचा. काही गाजलेल्या प्रश्नावल्या विकत घ्याव्या लागतात, आणि न विचारता वापरल्या तर छापलेला निबंधही अडचणीत येऊ शकतो.

विश्लेषण आणि लिखाण

विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरपैकी आर घ्या, स्टाटा घ्या, वाद घालू नका. एकच नियम पाळा: मूळ फाइलला हात लावायचा नाही, सगळे बदल स्क्रिप्टमध्ये. मी सुरुवातीला एक्सेलमध्ये हातानं दोन वयं ‘दुरुस्त’ केली होती. वर्षानं जर्नलसाठी निबंध तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनं एक आकडा विचारला आणि तो पुन्हा कसा काढायचा हे मलाच सांगता येईना. दोन रात्री गेल्या.

डेटा उघडण्यापूर्वी विश्लेषणाचा आराखडा लिहून गाइडला पाठवा. कशाचा कशावर परिणाम होतो असं तुम्हाला वाटतं, त्याची बाणांची आकृती काढा. डॅग म्हणतात तिला. कुठला घटक मॉडेलमध्ये (विश्लेषणाच्या समीकरणात) घ्यायचा आणि कुठला मुळीच घ्यायचा नाही, हे त्यातून ठरतं. जे-जे हाताशी आहे ते-ते मॉडेलमध्ये ओतायचं आणि मग तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याला कारण म्हणून वाचायचं, ही आपल्याकडची सर्रास चूक. तुमचं मॉडेल एका प्रश्नासाठी बांधलेलं असतं, बाकीच्या ओळींकडून उत्तरं मागू नका.

प्रबंध आता बऱ्याच ठिकाणी तीन-चार निबंधांचा करतात. निबंधात काय-काय लिहायलाच हवं याच्या तयार याद्या आहेत: निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर स्ट्रोबची २२ मुद्द्यांची यादी, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू असेल तर प्रिझ्माची २७ मुद्द्यांची. लिहून झाल्यावर नको, लिहायला बसतानाच समोर ठेवा. ‘आठवड्यात छापतो’ म्हणून मेल टाकणाऱ्या जर्नल्सना उत्तरही देऊ नका. आणि पद्धतीचं प्रकरण फील्डवर्क चालू असतानाच लिहून टाका. सहा महिन्यांनी कुठल्या वस्तीत दार बंद असताना काय केलं होतं, ते आठवत नाही.

व्हायवा

व्हायवा म्हणजे प्रबंधाचा तोंडी बचाव. स्वीडनमध्ये त्या बचावाच्या काही आठवडे आधी प्रबंध खिळ्यानं भिंतीला ठोकायची पद्धत आहे, आणि नेदरलँड्समध्ये ४५ मिनिटं झाली की दंडधारी अधिकारी येऊन ‘होरा एस्ट’ (वेळ झाली) म्हणतो, की प्रश्न तिथल्या तिथं थांबतात. बाकी ठिकाणी इतकी दया नाही. माझी व्हायवा अडीच तास चालली. बंद खोली, दोन परीक्षक. मर्यादांवर प्रश्न येतीलच, तेव्हा त्या स्वतःच आधी मोकळेपणानं सांगून टाका आणि प्रत्येक मर्यादेनं उत्तर कुठल्या बाजूला झुकलं असेल तेही सांगा. मला विचारलं, ‘लोकांनी तुम्ही येणार म्हणून गोळ्या टाकून दिल्या नसतील कशावरून?’ मी म्हटलं, काहींनी टाकल्याही असतील, आणि मग गोळी सुटण्याचं प्रमाण मी दाखवलं त्याहून जास्त असेल. परीक्षकांनी मान हलवून पान उलटलं.

छापील प्रत घेऊन जा, तक्त्यांच्या पानांवर चिकटपट्ट्या लावून. शेवटी मला १९ दुरुस्त्या मिळाल्या, मुदत तीन महिने. अठरा स्वल्पविराम आणि संदर्भांच्या होत्या. एकोणिसावी होती ४थ्या तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीची: टक्क्यांची बेरीज १०१ येत होती.